एक थेंबही आत आला नाही

आदरणीय मामांना साष्टांग नमस्कार. (आठही अंगं सध्या गाडीच्या सीटवर आहेत, तेव्हा नमस्कार मनातला समजावा.)

गुडघा कसा आहे? तेल लावता, की सगळा वेळ वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यातच जातो? परवाचं वाचलं. ‘बुडत्या मोटार-कारखान्यांना सरकारने हात देऊ नये, ज्याची गाडी बंद पडली त्याने ती स्वतः ढकलावी.’ अर्थशास्त्राच्या निवृत्त मास्तरांना शोभेलसं वाक्य! फक्त त्यातल्याच एका कारखान्यात तुमचा सख्खा भाचा एकोणीस वर्षं दारं बसवतोय, एवढं छापायचं राहिलं. त्यावरून रविवारी जेवताना मी आवाज चढवला, तुम्ही ताट सारलंत आणि ‘कारखान्याची वकिली करायची तर माझ्या दारात येऊ नकोस’ म्हणालात. म्हणून हे पत्र.

तर काल सरकारी समिती आली. कारखाना वाचवायचा की टाळं ठोकायचं, हे तीच सांगणार. आम्ही सहाशेजण दाढ्या करून उभे. (आमच्या फोरमनने भुवयासुद्धा विंचरल्या होत्या.) अध्यक्षबाई कडक, हसणं घरी ठेवून आलेल्या. मी त्यांना आणि दोन सदस्यांना नव्या गाडीत मागे बसवलं आणि दार लावून दाखवलं. धप्प! मामा, काय तो आवाज! दार नीट बसलंय की नाही हे मी कानानेच ओळखतो, तुम्हाला माहीतच आहे. त्या आनंदात एक गोष्ट साफ विसरलो. आमच्याकडे पाण्याची चाचणी होईपर्यंत मागच्या दारांचं मुलांसाठीचं कुलूप लावून ठेवतात, म्हणजे आतून कोणी दार उघडून गाडी भिजवू नये. आणि ती गाडी चाचणीच्या रांगेत पहिली होती. पट्टा सरकला, गाडी निघाली, समितीही निघाली. पट्टा थांबवणारा गडी स्वागताला चहाचा ट्रे धरून दुसऱ्या टोकाला! डोळ्यांदेखत सरकार फवाऱ्याखाली गेलं. आतून तिघं काचा बडवत होते, पण रबर असं चपखल की बाहेर हूं की चूं नाही. सात मिनिटं, मामा! फोरमन खालीच बसला. मी मनातल्या मनात सहाशे घरांची माफी मागून टाकली.

गाडी पलीकडून बाहेर आली. मी धावत जाऊन दार उघडलं. बाई उतरल्या, पदर चाचपला, आत सीटखाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, एक थेंबही आत आला नाही!” मग जे हसत सुटल्या, ते थांबेचनात. जाताना मला बोलावून तेच दार सहा वेळा स्वतः लावून बघितलं. वर्षभराची मुदत आणि कर्ज द्यावं अशी शिफारस करणार म्हणाल्या. फुकट काही नाही, पै न् पै फेडायची. मी त्या चहाच्या ट्रेसकट नाचलो.

आता तुम्ही म्हणाल, एका दाराने धोरण ठरतं का? नाही ठरत. पण मामा, मी दहावीला दोनदा आपटलो तेव्हा बाबा म्हणाले होते, आता याच्यावर मेहनत वाया घालवू नका. तुम्ही मात्र वर्षभर पहाटे पाचला मला उठवून गणितं घातलीत. तेव्हा ‘ज्याची त्याने ढकलावी’ हे तुमचं तत्त्व कुठे गेलं होतं? बरं झालं गेलं होतं. मला अजून ते आठवून भरून येतं.

तुमचाच,
दोनदा बुडालेला भाचा

ता. क. पत्र पेटीत टाकायला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, सगळं पत्र गाडीतच बसून लिहिलं. तेवढ्यात मामीने (तिला तिच्या बहिणीकडून आणतोय) रेडिओ लावून बॅटरी पार उतरवली. गाडीचा काडीचा दोष नाही! पत्र कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या हाती पाठवतोय. जरा धक्का मारायला येता का?

ता. क. २. गुडघ्याचं लक्षात आहे. तुम्ही स्टिअरिंग धरा, मी ढकलतो. मामी म्हणते, सरकार म्हणून नका येऊ, मामा म्हणून या.