जर्मन कागद मी बोटाने ओळखते

२४ फेब्रुवारी १९५३, घाटकोपर
जयवंतभावजी मुलुंडहून आले. चहा दोनदा प्यायले आणि म्हणाले, वहिनी, दादा गेला, आता त्याचा फोटो स्टुडिओ लॉन्ड्रीला देऊ, तुम्हाला नाही झेपायचं. बारा वर्षं डार्करूमच्या दाराला पाठ लावून बसलेय मी. आतला वाससुद्धा पाठ आहे. शिकायला अजून काय लागतं? म्हटलं, रविवारी या, तुमचाच फोटो छापते. आला तर स्टुडिओ माझा. लगेच हो म्हणाले. स्वतःचा फोटो म्हटला की हा माणूस कशालाही हो म्हणतो.

२५ फेब्रुवारी
माळ्यावर ह्यांची, फोटो छापायच्या जर्मन कागदाची सात पाकिटं मिळाली. लढाईच्या आधीची. लेबलं कसरीने खाल्लीत. बरंच झालं, नाहीतरी जर्मन कोण वाचणार?
जाती दोन. एक ढिम्म, भावजींसारखा. पिवळ्या दिव्यात उघडला तरी काही होत नाही. दुसरा ब्रोमाइड. त्याला फक्त लाल दिवा चालतो, नाहीतर छापताना काळाठिक्कर. एवढं ओळखलं की झालं.

२६ फेब्रुवारी
विद्याधर आला. ह्यांचा रिटचर, फोटोतले डाग-सुरकुत्या पुसणारा. आर्ट स्कूलची दोन वर्षं अजून नाकावर घेऊन फिरतो. म्हणे, काकी, लाल दिव्यातच प्रत्येक पाकिटातली पट्टी कापून टेस्ट करा. दोन दिवस लागतील. म्हटलं, अरे, मी बोट फिरवून ओळखते. म्हणाला, वरून कळत नाही, काकी. म्हटलं, तुझं बरं वरूनच कळतं!

२८ फेब्रुवारी, दुपारी
पिवळा दिवा लावला. सातही पाकिटं उघडून कागद पसरले. बोट फिरवलं, कोपरा ओठाला लावला. चकचकीत, रेशमी, साईसारखा. सगळे ढिम्म जातीचे. वीस मिनिटं! विद्याधरला दोन दिवस.

१ मार्च, रविवार
भावजी पावडर लावून आले. पहिला कागद काळा. हा मी? म्हणाले. म्हटलं, थांबा, याल अजून. साईसारखाही काळा. रेशमीही काळा. चकचकीत तर असा काळा, की भावजींनी त्यात बघून भांग नीट केला. विद्याधर हळूच म्हणाला, काकी, सगळा ब्रोमाइड होता.
काय कळतं त्याला! जुना कागद, लढाईच्या आधीचा. माळ्यावर सडला असणार. माझा काय दोष?

३ मार्च
एका पाकिटाच्या काळ्या वेष्टनात, घडीत अडकलेला एक कागद विद्याधरला मिळाला. शनिवारी माझ्या हातून सुटलेला. लाल दिव्यात त्याने भावजींना छापलं. झकास. नाकातले केस मोजून घ्यावेत.
भावजी कितीतरी वेळ फोटो बघत बसले. मग हळूच म्हणाले, वहिनी, कागद चांगला होता हो.
स्टुडिओची किल्ली मीच त्यांच्यापुढे केली.