तीन महिन्यांपुरती शिट्टी

२१ ऑगस्ट १९८८, रविवार

झालं! सोसायटीत लष्करी राजवट आली.

बाहेर पाऊस धो धो आणि नळाला ठणठणाट, म्हणून सभा. पंपाची मोटर तिसऱ्यांदा जळली. कोणी जाळली यावर सव्वा तास खल. शेवटी सेक्रेटरी केसरीनाथ वैतागून म्हणाले, या देशाला मिलिटरीच पाहिजे! टाळ्या. सगळ्यात मोठी आमच्या अवधूतची. नवराच तो, काय बोलणार.

देश काही हाताशी नव्हता. तळमजल्यावरचे सुभेदार सावळाराम होते. मूळचे मानकोलीचे, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेले. कमिटी बरखास्त करून तीन महिन्यांपुरता सगळा कारभार त्यांच्या गळ्यात घातला. बिचारे नको नको म्हणत होते. शिट्टी केसरीनाथांनीच आणून दिली.

२३ ऑगस्ट

बारावीला नेमका आज हाच धडा — लष्करी राजवट : स्वरूप व परिणाम. मुद्दा पहिला, ती थोड्या काळासाठी म्हणून येते. मुद्दा दुसरा, सुरुवातीला जनता तिचं स्वागत करते. मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. मला मेलं हसू आवरेना.

२६ ऑगस्ट

सकाळी सातला पाणी सुटलं. शिट्टीवर एकेक मजला भरून गेला. भांडण नाही, तंडण नाही! माझे चारही हंडे भरले. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

२ सप्टेंबर

सुभेदार दारात. "बाय, तुमी मास्तरीन. मना सुद्द लिवता येत न्हाय." पाण्याचं वेळापत्रक लिहून हवं होतं. मी लिहून दिलं, वर 'हुकूम क्र. १' घातलं, मध्ये 'यान्वये' घातलं. अवधूत म्हणाला, वा, एकदम सरकारी!

१७ सप्टेंबर

सुभेदारांना फक्त पाणी बघायचं होतं. पण लोक रांगेनं येतात — शेजाऱ्याचं काहीतरी बंद करा म्हणून! वरच्यांनी पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. खालच्यांनी सकाळी मिरची कुटू नये. गणपतीच्या आरतीला झांजांची एकच जोडी. स्वतःचं काही बंद करा म्हणत अजून एकही माणूस आलेला नाही. सुभेदार प्रत्येक तक्रारीखाली तक्रारदाराची सही घेतात आणि कागद माझ्याकडे पाठवतात. मी 'यान्वये' घालते. सहा हुकूम झाले.

९ ऑक्टोबर, रविवार

हुकूम क्र. ७. तक्रारदार केसरीनाथ. म्हणे पाण्याच्या वेळी कामवाल्यांमुळे जिना तुंबतो. म्हणून ठीक सातला फाटक बंद. ज्या बाईला तीनदा उशीर होईल तिला पुन्हा आत घ्यायचं नाही.

आमच्या ठकुबाईची एसटी वज्रेश्वरीहून येते. ती कधी सातच्या ठोक्याला पोचलीय? आमचं धरून या इमारतीतली चार घरं करते, त्यावर तिचं घर चालतं. नवरा कशेळीला गोदामात हमाली करायचा, पाय मोडून घरी बसलाय. सुचेताच्या वेळी बाळंतपणात चाळीस दिवस हिनंच मला न्हाऊ-माखू घातलं.

हे सगळं लिहिताना आठवत होतं. तरी तोंडातून शब्द काढला नाही. उलट केसरीनाथांचं 'कायमची बंदी' खोडून 'कायमस्वरूपी प्रवेशबंदी' केलं! लाज वाटते.

१४ ऑक्टोबर

ठकुबाईवर पहिला शेरा. सात-पाच.

१९ ऑक्टोबर

दुसरा शेरा. भांडी घासता घासता म्हणाली, "बाय, येष्टी काय माज्या हातात हाय? तुमी लिवता ना, मंग तुमीच येक सबूद टाका."

बघते म्हटलं.

३० ऑक्टोबर

अजून बघतेच आहे.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. तीन आठवडे ठकुबाईला उशीरच नाही! एसटी सुधारली की काय म्हणून आज गॅलरीतून पाहिलं. बाई आली सात-चारला. सुभेदार फाटक उघडं धरून मनगटाकडे टक लावून उभे. ती आत गेल्यावर त्यांनी फाटक लावलं आणि शिट्टी मारली.

मी विचारलं. म्हणाले, घड्याळ जरा मागं हाय, बाय.

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाचं घड्याळ मागे! घरी हसत हसत सांगितलं तर अवधूत म्हणाला, हे शिस्तीला धरून नाही. सांगायलाच नको होतं.

१६ नोव्हेंबर

पाकिस्तानात आज मतदान. वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम, लष्कर आपणहून जातं का? म्हटलं, सहसा जात नाही. लिहून घ्या.

२० नोव्हेंबर, रविवार

सभा. सुभेदारांनी शिट्टी आणि हुकमांची वही टेबलावर ठेवली. तीन महिने झाले, आता निवडणूक घ्या म्हणाले. केसरीनाथ म्हणाले, अहो, इतकं छान चाललंय!

सुभेदार वही उघडून सह्या दाखवू लागले. "फौजेतबी येवढं हुकूम न्हाय पायलं मी. आन् यातला येकबी माजा न्हाय. समदं तुमचं हायेत."

नमस्कार केला आणि खाली निघून गेले. माझा वर्गातला मुद्दा खोटा पाडला म्हाताऱ्यानं!

निवडणुकीला एकाही माणसाचं नाव येईना. मग ठराव — परिस्थिती सुधारेपर्यंत हीच व्यवस्था चालू. चालवणार कोण? केसरीनाथ म्हणाले, हुकूम ज्या लिहितात त्याच. सगळ्या माना माझ्याकडे. मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या आणि — इथं तरी कशाला खोटं लिहू — छान वाटलं.

पहिलं काम, हुकूम सात रद्द. उद्या सकाळीच. संध्याकाळी ठकुबाई आली तेव्हा तिला सांगूनसुद्धा टाकलं. रडली बिचारी.

२१ नोव्हेंबर

सातला मी शिट्टी घेऊन फाटकाशी. केसरीनाथ, अवधूत, सगळे गॅलरीत उभे राहून माझ्याकडे बघत होते. पहिल्याच दिवशी ढिलं सोडलं म्हणाले असते. रद्द काय, पुढच्या आठवड्यातही करता येईल.

ठकुबाई हसत हसत आली, सात-चारला. माझं घड्याळ बरोबर चालतं.