स्वयंपाकघरातला जॅक

प्रिय धाकट्या,

अरे, वायरमन म्हणवतोस ना स्वतःला? मग स्वयंपाकघरातल्या फोनच्या जॅकची वायर बाहेरच्या डबीपासून वेगळी ओढ, असं मी तुला तीनदा सांगितलं होतं की नाही? पण तुला शिडी लावायचा कंटाळा. हॉलच्या जॅकमधूनच पुढे नेलीस, चौकटीवर चार खिळे ठोकलेस, दोन्ही फोन वाजवून दाखवलेस आणि वर म्हणालास, ताई, आता कांदा चिरता चिरता गप्पा मार. गप्पा! चौथीत शाळा सुटली माझी, पण एक तुटलं की दुसरं मरतं एवढं मलाही कळतं.

फोन स्वयंपाकघरातच कशाला, हे तू विचारलं नाहीस. संडास सोडला तर आतून कडी लागणारं घरात तेवढं एकच दार आहे. तुला ते माहीत होतं. माझ्या गालावरचा वळही दिसला होता. तू ड्रिलचं टोक पुसत बसलास.

मंगळवारी दुपारी माझी लेक, ठकी, त्या फोनवर बोलत होती. नर्सिंगला नंबर लागला म्हणून पोरगी नुसती नाचत होती. ह्यांनी हॉलमधला फोन उचलून सगळं ऐकलं. आता ‘ह्यांनी’ लिहायलासुद्धा हात वळत नाही, तुझ्या भावोजीनं म्हणते. त्यानं पोरीला केसांना धरून हॉलपर्यंत फरफटत नेलं आणि रिसीव्हरनं तिच्या तोंडावर मारलं. एकदा नाही, दात पडेपर्यंत. मी मधे पडले तर माझं डोकं भिंतीवर आपटलं. कशीबशी तिला ओढून आत आणली, कडी घातली, फोन उचलला. तुझा नंबर मला पाठ आहे. चार आकडे फिरवले असतील, तेवढ्यात बाहेर त्यानं हॉलमधला जॅक वायरीसकट भिंतीतून उपटला. माझ्या कानातला आवाज गेला. मेलेला फोन धरून मी तुला हाका मारत होते, वेड्यासारखी.

मग त्यानं स्टुलानं दार फोडलं. ठकीचा हात असा पिरगाळला की हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी बत्ता उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो खाली बसला, तरी आणखी दोन घातले. वाईट वाटतंय का म्हणशील, तर नाही. शेजारच्या शिंपीणबाई आवाज ऐकून आल्या, त्यांनीच आम्हाला दवाखान्यात आणलं. त्यांच्याच कागदावर हे लिहितेय, ठकीच्या खाटेशी बसून; त्याच तुला आणून देतील.

वायरीचं एक वेळ सोडून देईन. पण कालपासून एकच डोक्यात आहे. फोन लागला असता तर तू आला असतास का? का म्हणाला असतास, ताई, भावोजी जरा तापट आहेत, तू गप्प बस? ठकीला शुक्रवारी सकाळी सोडणार आहेत. तो पायाला पट्टी बांधून घरीच बसलाय, आमची वाट बघत. तिथे मी तिला नेणार नाही. तुझी मागची खोली रिकामी आहे. बायकोला विचारतो, बघतो, असलं काही कळवू नकोस. उद्या, गुरुवारी संध्याकाळपर्यंत इथे ये आणि हो की नाही ते माझ्या तोंडावर सांग.

तुझीच,
ताई