चढावरच्या फलकाचा मजकूर

बाबा, तुम्ही सायकलवरून पडला नाहीत. तसे लिहिले गेले आहे आणि ते चुकीचे आहे. अचलपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आपले धरण आहे. त्याच्या डाव्या काठाने नदी जलाशयात उतरते तिथपर्यंत जाणारा मुरुमाचा रस्ता तुम्ही पावसाळाभर रोज तुडवत होतात. त्या रस्त्याने आता अकोल्याची आणि अमरावतीची माणसे हौसेने सायकली चालवतात. या सायकलींचे टायर जाड आणि खरबरीत असतात. डांबरी रस्ता संपला की त्यांच्या मालकांना आनंद होतो. त्यांनी या वाटेचा नकाशा मोबाइलवर चढवला आहे. किती किलोमीटर, किती चढ, कुठे नाला आडवा येतो, सगळे त्यात दिसते. नकाशाखाली परिचय आहे. भर पावसाळ्यात तुम्ही कामावर लागलात इथून तो सुरू होतो आणि असा संपतो: ‘या जलाशयाचा चौकीदार आयुष्यभर याच रस्त्याने सायकलवर फिरला आणि भादव्यातल्या एका सकाळी याच चढावर सायकलवरून कोसळून त्याने देह ठेवला.’ वाक्याची रचना निर्दोष आहे, म्हणूनच ते वाचणाऱ्याला खरे वाटते. तुम्ही चौकीदार नव्हता, पाण्याची पातळी मोजणारे होता. आयुष्यभर सायकलवर फिरला नाहीत. चढावर नव्हे, चढाच्या खाली बेहड्याच्या झाडाला टेकून बसलेले सापडलात. आणि त्या दिवशी तुमच्याजवळ सायकल नव्हती.

हा परिचय लिहिणारी बाई अकोल्यात बँकेत नोकरी करते. वय तिशीच्या आतबाहेर. चढाच्या माथ्यावर तुमच्या स्मरणाचा फलक लावावा, असे तिच्या सोबत्यांनी ठरवले. गावातल्या कोणी तरी तिला सांगितले, की त्या माणसाचा मुलगा अमरावतीत आहे, मराठीचा मास्तर होता, मजकूर तपासून घ्यायचा तर त्याच्याकडूनच घ्या. ती आली आणि कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “काका, येत्या नाही, पुढच्या रविवारी फलक लावून राहिलो आम्ही. तुमच्या हातून एकदा बरोबर करून द्या, मग कोणाची बोलायची हिंमत नाही.” मी चष्मा पुसला, तांबडी शाई घेतली आणि पहिल्या वाचनात फक्त विरामचिन्हे तपासली. दुसऱ्या वाचनाला माझा हात चालेना. तेव्हा मी तिला म्हणालो, जागा पाहिल्याशिवाय मी काही बदलणार नाही.

गेल्या रविवारी ती मला तिच्या गाडीतून घेऊन गेली. परतवाडा सोडल्यावर डोंगराची निळी रेघ दिसू लागली आणि मला तुमची सकाळ आठवली. चुलीजवळ उकिडवे बसून तुम्ही कोरा चहा पिता, आई भाकर फडक्यात बांधते, तुम्ही सायकलची चाके बोटांनी दाबून पाहता आणि अंगणातून तिला हाताने धरून बाहेर नेता. अंगणात तुम्ही तिच्यावर कधी बसला नाहीत. नदीतल्या मोजपट्टीवरचा पाण्याचा आकडा घेऊन तुम्ही दुपारच्या आत धरणाच्या चौकीवर परतायचात, आणि तिथून तो आकडा वायरलेसने पुढे जायचा. खालच्या गावांना पाणी सोडण्याची सूचना त्यावरूनच द्यायची असे. एकदा मी विचारले होते, एक दिवस नाही गेलात तर काय होईल? तुम्ही म्हणालात, “पाणी माह्यासाठी थांबते काय? ते चढतच राह्यते.”

रस्ता तसाच आहे, बाबा. भिंतीच्या टोकाला डांबर संपते, मग डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला साग. तीन नाले, आणि तिसऱ्यानंतर तो चढ. आम्ही गाडी खालीच ठेवली. वीसेक सायकलस्वार चढत होते. एक जाडजूड गृहस्थ उतरून सायकल ढकलू लागले, तर वरून कोणी तरी ओरडले, “काहून भाऊ, हवा गेली का?” ते थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, “सायकलची नाही, माही गेली. घरून निघालो तवा मी इच्यावर होतो, आता हे माह्यावर हाय.” सगळे हसले, बाईही हसली. मी बेहड्याकडे पाहत होतो. ते झाड अजून आहे. मी तिला ते दाखवले आणि म्हणालो, “इथे. वर नाही. आकडा घेऊन परतताना, पायी.” तिने वहीत लिहून घेतले. मग सहजपणे विचारले, “मग सायकल कुठे होती काका?”

मी म्हणालो, “दुरुस्तीला दिलेली होती.”

बाबा, सायकल अमरावतीत होती. वसतिगृहाच्या पडवीत, माझ्या खोलीच्या खिडकीखाली. मी कॉलेजात जायला निघालो त्या दिवशी तुम्हीच तिला एसटीच्या टपावर चढवून दोरीने बांधली होती आणि म्हणाला होतात, “शयरात पायदळ फिरू नको. लोकं इचारतात, कोणाचा हायेस.” मी दिवाळीत परत आणतो म्हणालो होतो. वसतिगृहापासून कॉलेज दहा मिनिटांच्या वाटेवर होते. मला सायकलीची गरज नव्हती. पण सायकल असलेल्या मुलांत माझी गणती होऊ लागली होती आणि ती सोडणे मला जमेना. दिवाळीला मी रिकाम्या हातांनी आलो. त्याआधी तुम्ही एकदा वसतिगृहात येऊन गेला होतात. माझी वाट पाहत तुम्ही धोतराच्या सोग्याने सायकलचे मडगार्ड पुसले, साखळीला तेल दिले. नेता का, असे मी विचारले नाही. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणालात, “राहू दे. पायदळ गेलं तं जंगल जास्त दिसते.” हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षे तुमच्या रसिकतेचा पुरावा म्हणून लोकांना सांगत आलो.

पुढच्या पावसाळ्यात तुमचे कार्ड आले. ‘नाले भरले हायेत. पाय सुजून राह्यले. जमत असन तं सायकल यष्टीवर टाकून दे.’ त्याला मी जे उत्तर लिहिले ते माझ्या स्मरणात शब्दशः आहे: ‘चाचणी परीक्षा झाल्यावर पाहू. पत्र शुद्ध लिहीत जावे; येथे मुले वाचतात.’ त्या कार्डाचे उत्तर तुम्ही दिले नाही. तुम्ही चालत राहिलात, आणि एकही आकडा चुकला नाही. तुमच्या खिशात सापडलेली आकड्याची चिठ्ठी कोणी तरी चौकीवर दिली, तेव्हा त्या दिवसाची नोंदही वेळेत झाली. हे मला आईने सांगितले. बातमी कळल्यावर मी सायकल टपावर टाकून गावी आणली. का आणली, याचे समर्थन मला आजही करता येत नाही. आईने ती अंगणात उभी असलेली पाहिली, घरात निघून गेली आणि मग ती सायकल आमच्या घरात कोणी चालवली नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वाक्यांत चुका शोधल्या. बाईने सुधारलेला मजकूर काल पाठवला. त्यात नवे वाक्य आहे: ‘सायकल दुरुस्तीला असल्याने त्या दिवशी ते पायी निघाले होते.’ त्या दिवशी. जणू एकच दिवस. मी ते वाक्य तीन वेळा वाचले आणि कागदावर ‘तपासले’ असे लिहून सही केली. आज शुक्रवार आहे. फलक रंगवणाऱ्याकडे मजकूर उद्या दुपारी जाणार आहे. फोन माझ्या उजव्या हाताशी आहे.

हे पत्र टपालात टाकण्याजोगे नाही. तुम्ही दिवस पौर्णिमेवरून आणि धम्माच्या सणांवरून मोजत होतात, म्हणून परिचयातल्या आणि माझ्या बोलण्यातल्या तिथ्या तुमच्याच रीतीने येथे दुरुस्त करून ठेवतो.

तुम्ही मोजणीच्या कामावर लागलात: बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, परिचयात म्हटल्याप्रमाणे भर पावसाळ्यात नव्हे.

सायकल अमरावतीला गेली: आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.

तुम्ही वसतिगृहात आलात: धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या रविवारी. मी लोकांना ‘दिवाळीनंतर’ असे सांगत आलो, ते चूक.

तुमचे कार्ड मला मिळाले: पुढच्या आषाढी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी.

माझे उत्तर: त्याच दिवशी. वेळ नव्हता, असे म्हणता येणार नाही.

तुमचा मृत्यू: श्रावण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी. भादव्यात नव्हे.

तुम्ही त्या रस्त्याने पायी गेलात: एक दिवस नव्हे, दोन पावसाळे, दुसरा अर्धवट.

सायकल दुरुस्तीला दिली: असा दिवस नाही. हे मी तिला अजून कळवलेले नाही.