शिनोलीच्या मुलींचा वाटा

राजुरी, मंगळवार, संध्याकाळ

आज बैठकीत मी हात वर केला नाही. प्राचार्यांनी बजावून पाठवलं होतं, तरीही. चुकलं का माझं?

आमच्या कॉलेजांच्या कबड्डी लीगचे सामने केबलवर दाखवतात. त्याचे पैसे आजवर सगळ्या कॉलेजांना सारखे मिळायचे. आता मोठी कॉलेजं म्हणतात, ज्यांचे सामने जास्त दाखवले जातात त्यांना जास्त पैसे द्या. आमचा त्यात फायदाच होता, नवी मॅट घेता आली असती. पण शिनोलीच्या मुलींचे सामने कुणी दाखवतच नाही. वाटा गेला की त्यांना लीगची वर्गणी झेपणार नाही, म्हणजे संघ बाहेर.

त्यांचे कांबळे सर उठले. "आज आमी जाऊ, उद्या दुसरं जातील. मंग तुमी कबड्डी खेळणार कुणासंगं?"

कुणासंगं, खरंच! मतदानाला माझा हात मांडीवरच राहिला. एक मत कमी पडलं आणि ठराव बारगळला. ते एक मत माझं.

प्राचार्यांना लगेच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आणि आपल्या नव्या मॅटचं काय, मॅडम?"

"जुनीवर खेळू, सर."

रागावले असतील. उद्या कळेलच.

नंतर मैदानावर गेले. पोरींना एवढंच सांगितलं, की शिनोलीचा संघ यंदाही आहे. आमची कप्तान सारिका तर उड्याच मारायला लागली.

"बरं झालं, मॅडम! त्यांची ती चढाईवाली मागल्या साली हातातनं सुटली व्हती. औंदा धरतेच तिला!"