एकाच पोटचे दोघे

७ जून
भावाच्या यकृतात गाठ आहे. कॅन्सरच. मोठी झालीय, रक्तवाहिनीत शिरलीय, म्हणून कापता येणार नाही. डॉक्टरबाई सावकाश सांगत होत्या तरी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. वहिनी फरशीकडे बघत बसली होती. भाऊ म्हणाला, "मी कधी घोटभरसुद्धा घेतली नाही हो." खरंय ते. हे दारूचं नाही, आईकडून आलेलं. तिच्या अंगात हेपॅटायटिस बीचा विषाणू होता. आम्ही जुळे जन्मलो तेव्हा दोघांनाही तो मिळाला. आई यकृतानेच गेली. आम्ही मात्र धडधाकट, म्हणून कोणी फारसं लक्षच दिलं नाही.

८ जून
"माझं अर्धं यकृत घ्या" म्हटलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली. माझ्यातही तोच विषाणू, त्यामुळे माझं चालणार नाही. आणि गाठ रक्तवाहिनीत गेल्यावर कोणाचंही बसवून उपयोग नाही. जुळी असून काय कामाची मी?

१३ जून
आज विचारलंच. आई एक, विषाणू एक, मग त्यालाच का?
डॉक्टरबाई म्हणाल्या की हा कॅन्सर पुरुषांना बायकांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो. दारू-सिगारेट हे एक कारण, पण तेवढंच नाही. पुरुषी हार्मोन या विषाणूला खतपाणी घालतं. बायकांचं हार्मोन यकृताची सूज आवरून धरतं. उंदरांवर करून पाहिलंय म्हणे — नरांची वृषणं काढली तर गाठी कमी होतात, माद्यांची अंडाशयं काढली तर वाढतात.
भाऊ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हणजे मिशी नडली."
वहिनीला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं.
मी म्हटलं, "मग ते हार्मोनच बंद करा ना." तशी औषधंही देऊन पाहिलीत म्हणाल्या. एकदा गाठ झाली की फायदा दिसत नाही.
म्हणजे कारण कळलं, आणि हातात काहीच आलं नाही. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

२ जुलै
त्याच्या पँटी शिवायला आणल्या. गेल्या महिन्यात मीच त्या कंबरेत आवळून दिल्या होत्या. आता पोटात पाणी भरतंय, म्हणून उसवून सैल करतेय. खांदे मात्र हँगरसारखे झालेत. इतकी वर्षं लोकांची मापं घेतली, असं माप कधी घेतलं नव्हतं.

१९ जुलै
आज भावाने वहिनीला बाहेर पाठवलं आणि शर्टाची बटणं काढून मला दाखवलं. छाती सुजलीय, दुखते. बाईसारखी. मान वर करेना. गाठ तिथेही गेली की काय? डॉक्टरबाईंना फोन लावला. गाठ नाही म्हणाल्या. पुरुषांच्या अंगातही थोडं बायकांचं हार्मोन असतं, यकृत ते निकालात काढतं. आता त्याला ते झेपत नाही, म्हणून साठतंय.
त्याला सांगितलं. म्हणाला, "ताई, तुझं औषध पोचलं की माझ्याकडे. उशीर केला फक्त."
दोन ढगळ शर्ट शिवायला घेतलेत, जाड कापडाचे.

२७ जुलै
डॉक्टरबाईंनी आज मलाच धरलं. "तुमची पाळी?" म्हटलं, गेल्या वर्षी गेली. मग म्हणाल्या की पाळी गेल्यावर ते संरक्षण कमी होतं, सोनोग्राफी करून घ्या.
भाऊ आडवा पडून ऐकत होता. "ऐकलंस ना? जा."
"आधी तुझं बघू दे."
"माझं बघून झालंय."

३० जुलै
गेले नाही. ऑर्डरी आहेत म्हणून सांगितलं. एकही ऑर्डर नाही.

४ ऑगस्ट
याला सगळे भोंगा म्हणायचे. शाळेची बस चालवायचा. मागच्या सीटवरचं पोर उभं राहिलं तर याचा आवाज चौकापर्यंत जायचा. आज काय म्हणतोय ते कळावं म्हणून मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला.
"केलीस का?"
इतकंच. तसंच निघाले आणि सोनोग्राफीच्या रांगेत जाऊन बसले. पोटावर गार जेल लावलं. मशीन फिरवणारी मुलगी पडद्याकडे बघता बघता थांबली आणि डॉक्टरबाईंना बोलावून आणते म्हणाली.

५ ऑगस्ट
माझ्याही यकृतावर डाग आहे. लहान आहे, काढता येईल, वेळेत आलात म्हणाल्या. तिथून थेट भावाकडे गेले. त्याने डोळे उघडले. "काय निघालं?" म्हटलं, "काही नाही रे, स्वच्छ आहे." त्याने माझा हात धरला, आणि कित्येक दिवसांनी त्याला शांत झोप लागली.