जुन्या बाजारात उतरू नका

ताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझी पाठ, दाजींचा खोकला आणि गच्चीवरच्या कुंड्या, सगळं ठीक असेल असं धरून लिहितो. ठीक नसेल तर पत्र आत्ता वाचू नकोस. आधी पाणी पी, पाठीला उशी लाव आणि मग उघड. आम्ही दोघं सुखरूप आहोत. (म्हणजे ही पूर्ण सुखरूप आहे. मी बराचसा आहे, नाकाखालच्या डाव्या बाजूचा थोडा भाग सोडला तर. त्यावर येतोच.) इथे आल्यापासून मला धक्क्यांवर धक्के बसताहेत, आणि एकट्याने ते पेलवेनात म्हणून त्यातला तुझ्या वाट्याचा तुला पाठवतो आहे.

आयुष्यात एकदा तरी मोठं शहर बघायचं, असा हिने हट्ट धरला आणि मी आरशांच्या दुकानाला कुलूप लावलं, हे तुला ठाऊक आहेच. पण शहरात जाऊन कुठल्या भागात उतरायचं यावर आपल्या घरात जितका खल झाला, तितका माझ्या लग्नात मुलीबद्दल झाला नव्हता. तू म्हणालीस, टेकडीवर उतरा, आपली चिमी तिथेच राहते, तिची बँकही तिथेच. दाजी म्हणाले, नदीकाठी उतरा, हवा चांगली. (दाजी त्या शहरात कधी गेले होते, हे विचारायची हिंमत झाली नाही.) मग चिमीचाच फोन आला. म्हणाली, "मामा, मी नेमकी ट्रेनिंगला बाहेरगावी चाललेय, टेकडीवर येऊन काय करणार? नदीकाठ बघा. पण काही झालं तरी जुन्या बाजारात उतरू नका." तिथे म्हणे खिसे कापतात, ढेकूण आहेत, नळाला पाणी नाही आणि असेल तर ते पिववत नाही. भाचीने इतक्या कळकळीने एखाद्या वस्तीची बदनामी करावी, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं. पोरीला मामाची किती काळजी!

तरी तुझा शब्द मोडायला नको म्हणून आम्ही आधी टेकडीवरच उतरलो. ताई, तिथे माणसंच नाहीत! फाटकं आहेत, फाटकांमागे झाडं आहेत, झाडांमागे कुत्री आहेत, आणि कुत्र्यांच्या अंगावर माझ्यापेक्षा चांगले स्वेटर आहेत. चहाची टपरी कुठे आहे असं एका बाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने "सहज विचारलं" म्हणालो. शेवटी लॉजच्या खालच्या हॉटेलात चहा मिळाला, पण तो कप डोळ्यांत औषध घालायच्या मापाचा होता. आणि पायऱ्या! ही चढताना गुडघ्यांशी बोलत होती आणि उतरताना माझ्याशी बोलत नव्हती. सकाळ होताच आम्ही सामान उचललं.

नदीकाठी खोलीच्या फोटोत खिडकीतून नदी दिसत होती. प्रत्यक्षात खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसत होती. मी मॅनेजरला जाब विचारला, तेव्हा तो मला आमच्याच बाथरूममध्ये घेऊन गेला, बादली पालथी घातली, मला तिच्यावर उभं केलं आणि वरच्या झरोक्यातून डोकं बाहेर काढायला लावलं. नदी होती. (वासही होता. नदी दिसायच्या आधीच तो भेटायला आला.) मी बादलीवर, मॅनेजर माझे पाय धरून आणि ही दारात उभी राहून आम्हा दोघांकडे बघतेय, अशा अवस्थेत आमचा नदीकाठाचा मुक्काम संपला.

रस्त्यावर येऊन टॅक्सीत बसलो खरे, पण जायचं कुठे, हे मलाच माहीत नव्हतं. मी बॅगा मोजत असताना टॅक्सीवाल्याने गाडी सुरू केली आणि म्हणाला, "काका, माझ्या आईला जिथं उतरवलं असतं तिथं नेतो, चला." आणि त्याने आम्हाला कुठे आणून सोडलं असेल? जुन्या बाजारात!  मी दोन्ही खिशांत दोन्ही हात घालून उतरलो, त्यामुळे बॅगा टॅक्सीतच राहिल्या, आणि त्या आणून देण्यासाठी तिथल्या एका कुलपाच्या दुकानातला म्हातारा माझ्यामागे धावत आला. तिथेच एका घरात खोली मिळाली; घरमालकीण शिवणकाम करते. खोलीत चादरी धुतलेल्या, नळाला धो धो पाणी, आणि ढेकूण शोधायला मी गादी उलटी केली तर ती बाई म्हणाली, "काका, काही हरवलं का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मुख्य धक्का. उशी जवळ आहे ना?

दुसऱ्या दिवशी दाढी करावी म्हणून बाहेर पडलो. खोलीसमोरच एक सलून आहे, दोन खुर्च्यांचं. ही म्हणाली, "तो आरसा बघा हो, कसा बसवलाय." आरसा म्हटल्यावर मी थांबतो का? काचेला कुठे लाट नाही, चौकट चारही कोपऱ्यांत काटकोनात, अगदी गुण्यात. मी कौतुकाने आत शिरलो, खुर्चीत बसलो, आणि मागून आली ती एक बाई! तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल. ताई, आयुष्यात परक्या बाईने माझ्या हनुवटीला हात लावलेला नाही. उठून जावं तर तिचा अपमान, बसावं तर माझी पंचाईत. मी आपला मार्ग काढला. डोळे गच्च मिटून घेतले, "दाढी करा, मिशीला जरा आकार द्या," एवढं म्हणालो आणि देवाचं नाव घेत बसलो.

दाढी छान झाली. हात इतका हलका की मला डुलकी लागत होती. मग मिशीसाठी तिने ते घूं घूं करणारं मशीन हातात घेतलं आणि तिला शिंका आल्या. मशीन लांब धरून शिंकली हो, बाई कामात पक्की. पण ती शिंक! आधी एक दबकी, मग एक चढी, मग घरावरची कौलं हलवणारी तिसरी. आणि मी, डोळे मिटलेले, अर्धवट झोपेत, आपल्या घरात सगळे म्हणतात तसं सवयीने म्हणून गेलो, "संपल्या का?"

आणि तीही सवयीने म्हणून गेली, "अजून एक आहे, मामा."

मी उडालोच. मशीन तोवर मिशीपाशी परत आलं होतं. मी वर, मशीन जागच्या जागी आणि डावी मिशी जमिनीवर. डोळे उघडले तर समोरच्या त्या सुरेख आरशात एक अर्ध्या मिशीचा माणूस, आणि त्याच्यामागे मास्क खाली ओढून रडवेली झालेली आपली चिमी. चौथी शिंक, लहानपणापासूनची तिची नेहमीची, तिने त्यानंतर दिली.

होय, तुझीच चिमी. बँक तिने केव्हाच सोडली. हे काम रीतसर शिकली आणि सलून तिच्या स्वतःच्या नावावर आहे. फोनवर तुला मॅनेजरच्या केबिनमधल्या पंख्याचा म्हणून जो आवाज येतो, तो केस वाळवायच्या यंत्राचा आहे. मीटिंगमध्ये आहे म्हणते, तेव्हा ती मागच्या कोठीत टॉवेलांच्या ढिगाऱ्यावर बसून तुझ्याशी बोलते. मी संतापलो. खूप बोलायचं होतं, पण अर्ध्या मिशीने रागावता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. पोरगी एवढंच म्हणाली, "मामा, आई बोलायची बंद होईल."  शेजारणीशी तू धरलेला अबोला इतका जुना आहे की तो कशावरून धरला, हे तुम्ही दोघीही विसरलात. मुलगी बँकेत आहे म्हणून तू गल्लीत ज्या ऐटीने चालतेस, तेही मी पाहिलंय.

मी तिथेच बसून राहिलो. तेवढ्यात एक बाई आल्या, मोठ्या आजारातून उठलेल्या, डोक्यावर केस विरळ, मान खाली. चिमीने त्यांची खुर्ची आरशाकडे पाठ करून फिरवली. गप्पा मारत जे होते त्या केसांना वळण दिलं, आणि सगळं मनासारखं झाल्यावरच खुर्ची वळवली. त्या बाई आरशात बघून हसल्या. ताई, मी जन्मभर आरसे विकले, पण माणसाला आरसा केव्हा दाखवायचा आणि केव्हा नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला भरून आलं. त्या बाईंना वाटलं, मिशीसाठी रडतोय.

असो. मी तुला काही सांगत नाही, सुचवत नाही आणि मागत तर मुळीच नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
सध्या एका बाजूने ओळखू येणारा भाऊ

ता. क. वर "मागत नाही" लिहिलंय ते खोडल्यासारखं वाच. पत्र मिळताच निघ. घरमालकिणीने पुढची खोली तुझ्यासाठी राखली आहे. टेकडीचं नाव काढू नकोस, तुझ्या पाठीला त्या पायऱ्या झेपायच्या नाहीत.

ता. क. दुसरा. हे पत्र हिने वाचलं आणि हसत सुटली. चिमीने मामीला हे सगळं वर्षभरापूर्वीच सांगितलंय! शहर बघायचा हट्ट त्यासाठीच होता. मी बॅगा मोजत असताना टॅक्सीवाल्याच्या कानात पत्ता हिनेच घातला. नदीकाठी बादलीवर मला चढू दिलं, ते मात्र म्हणे केवळ गंमत म्हणून. एवढ्या वर्षांच्या संसारात इतका मोठा धक्का मला बसला नव्हता.

ता. क. तिसरा. उरलेली मिशी मी काढू दिलेली नाही. तू येऊन त्या खुर्चीशेजारी उभी राहिलीस की मगच. तोवर मी असाच हिंडणार, आणि तू आली नाहीस तर असाच तुझ्या गल्लीत येणार.

ता. क. शेवटचा. आता चिमी शिंकली की मी विचारतो, ही विचारते, खुर्चीतलं गिऱ्हाईकसुद्धा विचारतं, "संपल्या का?" चौथी कधीच येऊन गेलेली असते, तरी पोरगी दर वेळी म्हणते, "अजून एक आहे." आणि दाराकडे बघते.